सातवं रूप

रिनाच्या अंगात देवी आली तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते.

ढोल क्षणभर थांबला आणि दुप्पट जोराने सुरू झाला. मांडवात नऊ खुर्च्यांवर नऊ मुली दुर्गेची नऊ रूपं होऊन बसल्या होत्या. सातव्या खुर्चीवर रिना होती, कालरात्री. काळी साडी, मोकळे केस, हातात पुठ्ठ्याचं खड्ग. आधी तिचे खांदे हलायला लागले. मग हात. खड्ग खाली पडलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंडातून लाळ गळत होती. त्या दिवशी सातवी माळ होती, म्हणजे कालरात्रीचाच दिवस. शंकेला जागाच उरली नाही.

गावातले मोठे शेतकरी चुडामण पाटील पुढे आले. त्यांनी टोपी काढली आणि रिनाच्या पायांवर डोकं ठेवलं. रिनाची आई भुरीबाई त्यांच्याच शेतात कापूस वेचायची, त्यांच्या ओट्याखाली बसून चहा प्यायची. आज तिला बायकांनी हाताला धरून पुढे आणून बसवलं. पाटलांनी देवीला विचारलं, यंदा बोंडअळी येईल का. देवीचे ओठ नुसतेच हलले. नाही म्हणाली, असं कुणीतरी सांगितलं, आणि मांडवात जयजयकार झाला.

उपकेंद्रातली नर्स संध्या दर्शनाला म्हणून आली होती. ती मागे, खांबाजवळ उभी होती. रिना भराभर श्वास घेत होती, आणि प्रत्येक श्वासाला छातीत पाणी खळखळल्यासारखा आवाज येत होता. संध्या गर्दीतून वाट काढत पुढे गेली आणि तिने रिनाचं मनगट धरलं.

“सिस्टरले तं देवीनीबी नाडी देखनी शे,” गर्दीतली छबूबाई म्हणाली. बायका हसल्या.

थरथरणाऱ्या माणसाची नाडी बहुधा पळत असते. रिनाची अगदी सावकाश चालली होती. संध्याने तिची हनुवटी उचलली. कनातीमुळे मांडवात उजेड कमी होता. अशा उजेडात डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या व्हायला हव्यात. रिनाच्या बाहुल्या मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान झाल्या होत्या. असे डोळे संध्या दर वर्षी याच दिवसांत पाहायची. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेल्या माणसांचे. त्यांतली काही माणसं दवाखान्यात वेळेवर पोचायची, काही पोचायची नाहीत.

तिने भुरीबाईला खालच्या आवाजात विचारलं, पोर शेतात गेली होती का, कुठल्या डब्यातलं पाणी प्यायली का. भुरीबाईने नकारार्थी मान हलवली. पोर पहाटेपासून पाटलांच्या घरीच होती. न्हाणं तिथंच, खाणं तिथंच. नऊही मुलींचं सगळं शीलाताई पाहत होत्या.

शीलाताई म्हणजे चुडामण पाटलांच्या पत्नी. त्या आरतीचं ताट घेऊन जवळच उभ्या होत्या. संध्याने त्यांना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, शिकेकाईने न्हाऊ घातलं, साबुदाण्याची खिचडी दिली. नऊ मुलींना एकच. बाकीच्या आठ जणी बसल्या आहेत ना चांगल्या? देवी अंगात असताना असं हात लावू नये, कोप होतो. इतकं बोलून त्यांनी ताटातली विझलेली वात पुन्हा लावली. काडी दोनदा मोडली.

संध्याने पाहिलं. बाकीच्या आठ जणी बसल्या होत्या खऱ्या. शीलाताईंचं म्हणणं खोडून काढता येत नव्हतं. पण हातातली नाडीही खोटी नव्हती.

“भुरीबाई, ही देवी नाही. विष आहे,” ती म्हणाली. “अर्ध्या तासात शहाद्याच्या दवाखान्यात पोचलो नाही, तर हिचा श्वास थांबेल.”

पाटलांनी मान वर केली. आसनावरून देवी उठवायची नाही, ते म्हणाले. आवाज चढवला नाही, चढवायची गरजही नव्हती. बायका सरकून खुर्चीभोवती दाट उभ्या राहिल्या. भुरीबाईने एकदा त्या बायकांकडे पाहिलं, एकदा लेकीच्या पायांवरच्या कुंकवाकडे. ज्या हातांनी तिला आयुष्यभर लांब बसवलं, त्याच हातांनी ते कुंकू वाहिलं होतं. रिनाला उलटी झाली. बायकांनी तीही प्रसादच समजून पदर पुढे केले.

भुरीबाई उठली.

“देवी ऱ्हाऊ द्या तुमले,” ती म्हणाली. “मन्ही पोर मले द्या.”

तिने रिनाला उचललं तेव्हा कुणी अडवलं नाही. कालरात्रीच्या आईला अडवायचं कसं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मांडवाच्या कडेला भीमसिंगची रिक्षा उभी होती. भुरीबाई लेकीला मांडीवर घेऊन आत बसली. संध्याने रिनाला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं आणि दवाखान्यात फोन लावला. मुलगी नऊ वर्षांची, वजन वीस किलो, विष कुठून गेलं ते माहीत नाही. भीमसिंगने रिक्षा सुरू केली.

तेवढ्यात मांडवात ढोल पुन्हा कडाडला. आठव्या खुर्चीवरची महागौरी थरथरायला लागली होती. ती शीलाताईंची नात. आठवी माळ उद्याची, तरी देवी आजच आली म्हणून बायका कुंकवाचं ताट घेऊन तिच्याकडे धावल्या. चुडामण पाटलांनी नातीसमोर हात जोडले.

शीलाताई नातीकडे गेल्या नाहीत. त्या अनवाणी रिक्षाकडे पळत आल्या आणि त्यांनी दांडा घट्ट धरला. त्यांचा आवाज ढोलात बुडत होता. संध्याला वाकून कान जवळ न्यावा लागला.

“सिस्टर, उवा व्हत्यात म्हणीसन कपाशीवर फवारानं औषध चोळं,” त्या म्हणाल्या. “नऊ ना नऊ पोरीसना डोकाले.”