पाचवी टाळी

या, जवळ बसा, एक आनंदाची गोष्ट सांगते. ऑपरेशननंतर आजोबांना भ्रम झाला. पोटच्या लेकीलाही ते ओळखेनात. मग डॉक्टरबाई, सिस्टर, व्यायामवाल्या बाई आणि लेक, चौघींनी कंबर कसली. रोज सकाळी चष्मा लावायचा, वार विचारायचा नि उत्तर बरोबर आलं की प्रत्येकीनं एक टाळी वाजवायची.

आठव्या दिवशी आजोबा म्हणाले, "आज गुरुवार. आणि ही माझी लेक, रडूबाई!"

चार टाळ्या वाजल्या.

आजोबांनी बाकी तिघींनाही ओळखलं. मग रिकाम्या खुर्चीला हात जोडले. "आणि या माउली. रोज माझ्याजवळ बसल्या हो."

"बाबा, तिथं कुणी नाही!" लेकीचा चेहरा उतरला. 'भ्रम बाकी' असं लिहायला डॉक्टरबाईंनी पेन उचललं.

खुर्चीतून टाळी वाजली, अगदी कौतुकाची.

देवाचं नाव घ्याल तेव्हा त्या माउलीचीही आठवण ठेवा.