दोनशे फुलांची कमान

दोऱ्याचं रीळ टेबलावरून पडलं आणि टकटक करत थेट पलंगाखाली गेलं. दुपारच्या झोपलेल्या घरात तेवढा आवाजही केवढा तरी मोठा वाटला.

"मी काढते!" सात वर्षांची ठकी पलंगाखाली शिरली आणि रीळ, एक हरवलेला मोजा आणि बरीचशी धूळ घेऊन बाहेर आली. "मामी, किती झाली फुलं?"

"एकशे बारा. हळू बोल, आजी उठतील."

"म्हणजे अजून अठ्ठ्याऐंशी." ठकीनं बोटांवर हिशेब पक्का केला. "होतील. मी आज खेळायला जाणारच नाही."

मामी म्हणजे घरातली नवी सून. लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले. स्वतःच्या लग्नात तिनं टेबलांवरची फुलं, पताका, पाहुण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या, सगळं हातानं केलं होतं. ते पाहून नणंदेनं हट्टच धरला, "माझ्या लग्नाची सजावट वहिनीच करणार!"

सासूबाईंनी नाक मुरडलं. "कागदाची फुलं ती. वारा आला की भुर्र. शनिवारी संध्याकाळी गच्चीवर कमान उभी करून दाखव. पसंत पडली तर ठीक, नाहीतर सजावटवाल्याला फोन करते."

लग्न रविवारी सकाळी, घरच्याच गच्चीवर होतं. मोजकी तीस माणसं. "गाजावाजा नको," हे सासूबाईंचं पहिल्यापासूनचं म्हणणं.

सून इरेला पेटली. या घरात आपलं काही करून दाखवायची ही पहिलीच संधी. तिला झोपेतही पाकळ्या दिसायच्या. नवरा म्हणायचा, "काल डब्यात पोळीखाली गुलाबी कागद निघाला. मी खाल्ला. बरा होता."

पण तिच्याहून जास्त घाई ठकीला. ठकी सासूबाईंच्या मावसबहिणीची नात. आईवडील परदेशी नोकरीला, म्हणून लहानपणापासून इथेच, असं सुनेला लग्न ठरतानाच सांगितलं होतं. शाळेतून आली की दप्तर कोपऱ्यात आणि ठकी टेबलाशी. ती डावखुरी. साध्या कात्रीनं कागद नुसता चुरगळायचा. नशीब, नणंदही डावखुरी होती, तिची कात्री घरात होती.

"ताईची कात्री एकदम भारी आहे," ठकी म्हणाली.

"अगं, ती तुझी मावशी लागते ना? ताई काय म्हणतेस?"

"सगळे ताईच म्हणतात." ठकीनं गोंदाच्या बाटलीत डोकावून पाहिलं. "मामी, गोंद संपत आलाय."

गुरुवारी नवरदेव जागा बघायला आले. दातांचे डॉक्टर, मितभाषी, कमानीच्या सांगाड्याकडे बघून मनापासून हसले. "कवळीच्या तारेपेक्षा सुबक वाकवलंय हो," म्हणाले. सुनेला आभाळ ठेंगणं झालं. हे ऐकायला ठकी हवी होती, पण तिला सासूबाईंनी पाव आणायला पिटाळलं होतं. डब्यात दोन पाव तसेच होते, हे सुनेला नंतर दिसलं. म्हातारपणी व्हायचंच असं, म्हणून तिनं सोडून दिलं.

शुक्रवारी नणंद कामावरून आली ती तशीच जमिनीवर बसली आणि ठकीच्या केसांत अडकलेला गोंद एकेक बट सोडवत काढू लागली.

"काय हा अवतार! दुखतंय?"

"नाही. ताई, रविवारी मी पुढे बसू? अगदी पुढे?"

"वहिनी," नणंद म्हणाली, "डावीकडचा खांब जरा कललाय का गं?"

खांब सरळच होता. सुनेनं तरी उठून दोरी ताणली. परवाच्या नवरीचा जीव थाऱ्यावर कसा असेल!

शनिवारी दुपारी दोनशेवं फूल झालं. ठकीनं ते दोन्ही हातांत धरून घरभर मिरवलं. नवऱ्यानं सांगाडा गच्चीवर चढवला, सुनेनं फुलं बांधली. आणि पाच वाजता नेमका वारा सुटला. कमान झुलली, फुलं फडफडली.

"मी धरते!" ठकीनं खांबाला मिठीच मारली. "मामा, कुंड्या आणा! कुंड्या!"

चार जड कुंड्या आल्या. पाय तारेनं कुंड्यांना जखडले. सून सोडवायला गेली तरी ठकी खांब सोडेना.

"सोड आता, नाही पडत."

"पडली तर लग्न होणार नाही ना?"

"वेडी! लग्न होणारच आहे."

जिना चढून सासूबाई आल्या. कमानीभोवती एक फेरी मारली. एक फूल ओढून पाहिलं. ते हललं नाही. तार ओढून पाहिली. मग पदरानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"सजावटवाल्याला नको सांगायला," म्हणाल्या आणि खाली गेल्या. त्यांच्यामागून नवराही गालात हसत उतरला.

सुनेनं ठकीला उचलून गरागरा फिरवलं. दोघी हसत हसत खाली बसल्या. वारा फुलांतून सळसळत होता आणि एकही फूल सुटत नव्हतं.

"ठके, हे तुझ्यामुळे झालं. माग, काय हवं ते माग!"

ठकीनं जिन्याकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. मग तिनं मामीच्या गळ्यात हात टाकून कानाशी तोंड नेलं. आनंदानं तिला धाप लागली होती.

"लग्न होईपर्यंत ताईच म्हणायचं, असं तिनं सांगितलंय. मग उद्यापासून मी तिला सगळ्यांसमोर आई म्हणायचं ना?"