देवरामचं नाव

कड्याच्या खाचेत दोन दिवस अडकूनही जिवंत परतलेल्या गिर्यारोहकाचं पुस्तक आलं. नाशिकला प्रकाशन झालं आणि एक प्रत त्याने इगतपुरीजवळच्या पाड्यावर, देवरामच्या घरी आठवणीने पाठवली. त्याला सोडवायला देवरामच दोर बांधून कड्यावरून उतरला होता. तो माणूस वर आला. देवराम दरीत गेला.

देवरामची बायको मोहिनी ओट्यावर बसून सासूला पुस्तक वाचून दाखवू लागली. त्या माणसाची तहान, त्याची थंडी, डोळ्यांसमोर येणारी त्याची मुलगी, सगळं पानोपानी होतं. पुतळाबाई मन लावून ऐकत होती. मग तिला राहवेना.

"देवराम त्याच्यासाठी पाणी घेऊन उतरला व्हता. ते वाच ना."

मोहिनीने दोन पानं उलटली. "हाय इथं, आत्या. पाणी पाजलं म्हणून लिवलंय."

"आन् पडला ते?"

"ते पण हाय."

"नाव कुठं हाय त्याचं? मला दाव."

मोहिनीने सासूचं बोट धरून एका ओळीवर टेकवलं. पुतळाबाई कितीतरी वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. "माझ्या लेकाचं नाव छापून आलं गं," म्हणाली आणि तो गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडली.

बोटाखाली छापलेलं होतं, 'मदतीला आलेला एक स्थानिक इसम'.