बास कुठं लागतो

वसंतात खाडीच्या तोंडाशी, उन्हाळ्यात लांब पुळणीवर आणि शरदातल्या वादळी रात्री उत्तरेच्या बगळा खडकावर. आयर्लंडच्या त्या किनाऱ्यावर बास मासा कधी कुठं लागतो, हे मॅलकीनं वीस वर्षं रात्री जागून शोधलं होतं आणि सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच तर तोंडाला येईल ती थाप ठोकायची. गावातले सगळेच गळ टाकणारे असले हलकट. मॅलकी त्या सगळ्यांचा बाप.

आज बगळा खडकाच्या कपारीत त्याचा पाय अडकला होता आणि भरतीचं पाणी मांडीपर्यंत आलं होतं. फोनमध्ये शेवटची धुगधुगी होती. त्यानं टायगला लावला. गावची बचावनौका टायगच चालवायचा.

"काय रे चोरा, मोठा मासा लागला वाटतं?"

"पाय अडकलाय, टायग. पाणी चढतंय. मरतोय रे मी!" मॅलकी रडत होता.

टायगचा आवाज बदलला. "घाबरू नकोस, निघालोच आम्ही. आहेस कुठं?"

त्याच्या मागचा पबमधला गलका एकदम थांबला. गावातले सगळे गळवाले तिथं कान टवकारून बसलेले.

"दक्षिणेला... चर्चखालच्या खडकात," मॅलकी बोलून गेला आणि फोन बंद पडला.

पाणी छातीला लागलं तेव्हा बंदरातून नौकेचा दिवा बाहेर पडला आणि सरळ दक्षिणेला वळला. मॅलकी घसा फुटेस्तोवर ओरडला. वीस वर्षांत आज पहिल्यांदाच गावानं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला होता.