आईचा परवाना

शाळा बदलल्यापासून लेक घरात ‘हं’ आणि ‘नको’ एवढंच बोलायची. खोलीचं दार लावून मात्र हॅम रेडिओवर अनोळखी माणसांशी तासन्‌तास गप्पा मारायची. शिवणकाम करणाऱ्या आईनं दाराबाहेरून तिचं हसणं ऐकलं आणि कुणाला न सांगता रेडिओ क्लबात नाव घातलं. शिलाई मशीनवर पुस्तक टेकवून तिनं हॅम रेडिओच्या परवान्यासाठी अभ्यास केला. दुसऱ्या खेपेला परीक्षा पास होऊन परवाना हाती आला, तशी क्लबच्या माइकसमोर बसून तिनं घाबरत घाबरत लेकीचं संकेतनाव पुकारलं. क्षणभर नुसती खरखर आली. मग आवाज आला, “आई? तू?” “हो, मीच. जेवलीस का? ओव्हर.” पलीकडे लेक खळखळून हसली. “अगं, इथं आधी समोरच्याचा आवाज कसा येतोय ते सांगतात!” आईनं माइक दोन्ही हातांनी धरला. “सहा महिन्यांनी तुला माझ्याशी असं बोलताना ऐकतेय गं. अगदी स्पष्ट येतोय. ओव्हर.”