उठण्याआधी

सर्जेराव खुर्चीतून कधी चटकन उठत नसत. आधी चपलेतल्या चपलेत पायाची बोटं हलवायची, खुर्चीचा हात धरायचा, जरा थांबायचं आणि मग उठायचं. कर्वेनगरची सगळी भावकी याला रुबाब म्हणायची. म्हणो बापडी.

आज सदाशिव पेठेत मेंदूच्या डॉक्टरांपुढे ते बायको, सून आणि नातीबरोबर बसले होते. नात वल्लरी वर्गात नाव पुकारलं की उठायची आणि हातपाय पिळवटून तिथंच अडकायची. शुद्ध शाबूत, त्यामुळे पोरांचं हसणं सगळं ऐकू यायचं.

"हे रक्तातून येतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गोळ्यांनी आटोक्यात राहील. घरात आणखी कुणाला आहे?"

"आमच्यात असलं काय नाय," विजयमालाबाईंनी नवऱ्याकडं हात केला. "ह्यांच्याकडं बघा की. हे सुनेच्या माहेरचं हाय. मी लेकाला सांगितलंय, दोघींना तिकडंच सोडून ये."

सून सोनाली मान खाली घालून बसली. हे ती रोजच ऐकत होती. सर्जेरावही ऐकायचे आणि चहा प्यायचे.

आता मात्र शरमेनं त्यांचे कान तापले. लग्नाआधीपासून त्यांनी हे दुखणं लपवलं होतं. वयानं कमी झालं, पण गेलं नव्हतं. वल्लरीचा हात पहिल्यांदा पिळवटला, तेव्हा ती रडत त्यांच्याकडंच आली होती. आणि हा भावकीचा कारभारी पेपर उचलून बाहेर ओट्यावर जाऊन बसला होता.

"आजोबा, तुम्हाला कधी असं काही?" डॉक्टरांनी सहज विचारलं.

"नाही" ओठांवर तयारच होतं. तेवढ्यात सोनाली बोलली.

"असेल माझ्याच घरचं. तसं लिहा, डॉक्टर. पोरीला औषध तरी सुरू होऊ दे."

सर्जेराव उठले. बोटं न हलवता, खुर्ची न धरता, ताडकन.

डावा हात मनगटातून उलटा वळला. पाय आत मुडपला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. "अगं बया," म्हणत विजयमालाबाई मागं सरकल्या.

वल्लरीनं पुढं होऊन तो वाकडा हात धरला.

"घाबरू नका, आबा," ती म्हणाली. "लगेच जातं."