विम्यात न घातलेली पावती

दर गुरुवारी शाळा सुटली की दीप्तीबाई मारुती मंदिराजवळच्या समुपदेशक बाईंकडे जायच्या आणि तासाभराची फी स्वतःच्या पगारातून रोख भरून घरी यायच्या. चार महिन्यांनी त्यातली एक पावती नवऱ्याच्या, महेंद्रच्या, हाती लागली.

"अगं, माझ्या ऑफिसच्या विम्यात तूही आहेस की. मग पदरचे पैसे कशाला?"

"कागद तुमच्या ऑफिसातून गेले असते. तुम्हाला कळलं असतं."

"मला कळलं तर काय बिघडलं असतं?"

"सानवी जाऊन तीन वर्षं होतील. तुम्हाला सोसत नाही, म्हणून घरात लेकीचं नाव काढत नाही मी. तिथे जाऊन तासभर नुसत्या तिच्या गोष्टी सांगते."

महेंद्र पावती हातात धरून खाली बसला. त्याने विचारलं, "कुठल्या गोष्टी?"

"परवा मिरकरवाड्याची सांगितली. तुम्ही रविवारी मासळी आणायला न्यायचात ना तिला? तुमच्या खांद्यावर बसून ती बोटी मोजायची."

"मोजायची नाही गं. हजेरी घ्यायची, तुझ्यासारखी. समुद्रात गेलेल्या बोटींना गैरहजर लावायची."

दीप्तीबाईंना एकदम हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. "हे मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही!"

"मला वाटायचं," महेंद्र म्हणाला, "तुला सोसायचं नाही."